मक्याचं पर्णक्षेत्र : जोर कुठे लावायचा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मक्याच्या पानांच्या वाढीचं मॉडेल बसवायला तू मोजमापाचं जे वेळापत्रक आखलंस, त्यात सगळा भर तुऱ्याच्या आसपास दिसतोय. माझ्या मते तो उलटा, म्हणजे रोपं लहान असताना हवा. हिशेब करून बघ. प्रकाश पानांच्या थरांतून खाली जाताना किती झपाट्याने कमी होतो तो गुणांक ०.६५ धरला, तर पर्णक्षेत्र निर्देशांक (एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पानं) १ असताना पीक सुमारे ४८ टक्के प्रकाश अडवतं. तोच चुकून १.२ मोजला गेला, तर उत्तर ५४ येतं. पुढे ५ च्या जागी ६ धरलास, म्हणजे चूक तेवढीच २० टक्क्यांची, तरी ९६ चे जेमतेम ९८ होतात. उशिराची चूक खपून जाते. सुरुवातीची मात्र पुढच्या प्रत्येक दिवसाच्या वाढीत मिसळत राहते.

पानासाठी लांबी × सर्वांत जास्त रुंदी × ०.७५ हे मॉन्टगोमेरीचं १९११ चं सूत्र पुरेसं आहे. ८० बाय ९ सेंमीचं पान म्हणजे ५४० चौ. सेंमी. यात रुंदी अर्धा सेंमी चुकली की साडेपाच टक्के गेले, लांबी तेवढीच चुकली तर एक टक्काही नाही. म्हणून पट्टीची सगळी काळजी रुंदीवर खर्च कर : कडेच्या लाटा बोटांनी सपाट कर आणि दोन-तीन ठिकाणी मोजून मोठा आकडा घे. लांबी कॉलरपासून (पानाचं पातं खोडाशी जुळतं तिथून) टोकापर्यंत, मधल्या शिरेवरून.

लहान रोपात दोन पानं हे सूत्र मोडतात. पहिल्या पानाचं टोक गोल असतं, त्याला वेगळा गुणांक काढावा लागतो. पोंग्यातून अर्धवट बाहेर आलेल्या पानाचा रुंद भाग अजून आतच असतो. दिसणारा तुकडा जवळपास त्रिकोणी, तेव्हा तिथे ०.५ घे. मोठ्या झाडात हा फरक कळतही नाही, चार पानांच्या रोपात चांगलाच कळतो.

०.७५ हा गुणांक स्वतःच्या वाणावर तपासून घे. वेगवेगळ्या उंचीवरची ३०-४० पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आण, त्याच दिवशी ३०० डीपीआयवर स्कॅन कर. सुकलेलं पान आक्रसतं, दुमडलेलं कमी भरतं. प्रत्येक स्कॅनमध्ये १० बाय १० सेंमीचा कागद ठेव, तो १०० चौ. सेंमी आला नाही तर बाकीचे आकडेही टाकून दे.

निर्देशांकासाठी रोपं शेतात मोज, बियाण्याच्या हिशेबावर जाऊ नकोस. झाडाला ५००० चौ. सेंमी असताना चौरस मीटरला ७ रोपं असतील तर ३.५, ६ असतील तर ३.०. इतक्या सोप्या ठिकाणी इतकी मोठी चूक दुसरीकडे कुठे सापडणार नाही!

आता पर्णक्षेत्राच्या वाढीचा वक्र. आडव्या अक्षावर तारखा नकोत, अंश-दिवस हवेत, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानातून आधार तापमान (ज्याखाली वाढ थांबते ते) वजा करून उरलेल्या अंशांची बेरीज. आधार तापमान ८ अंश सेल्सिअस धर. कमाल ३०, किमान १८ असलेला दिवस १६ देतो. साधारण सहा पानांपर्यंत वाढीचा शेंडा जमिनीखालीच असतो, म्हणून तोवर ५ सेंमी खोलीवरचं मातीचं तापमान वापर. हवेचं वापरलंस तर थंड मातीतली पेरणी मॉडेलमध्ये पुढे धावते आणि शेतात मागे राहते.

वक्र बसवण्याची नेहमीची पद्धत, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी, मोठ्या आकड्यांच्या मागे जाते. परिणामी वक्र वर सुंदर बसतो आणि खाली, जिथे गरज, तिथे घसरतो. आकड्यांचे लॉगरिदम घेऊन बसव किंवा लहान आकड्यांना जास्त भार दे. लॉजिस्टिक वक्र (इंग्रजी S सारखा, वर जाऊन सपाट होणारा) शेवटी खाली येत नाही, त्यामुळे पिवळी पडलेली पानं वेगळ्या वक्राने वजा कर. दोन्ही एकाच समीकरणात कोंबलंस तर गुणांकांना काही अर्थ उरत नाही.

तपासणी दुसऱ्या पेरणीच्या आकड्यांवर कर, आणि निर्देशांक १ च्या खालचे फरक वेगळ्या आलेखावर काढून मला पाठव.

तुझा मित्र