तुटलेला शाफ्ट भंगारात जाण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, तेल गिरण्या, चटई आणि पाइपचे कारखाने यांत एखादे यंत्र मोडले की पहिला प्रश्न असतो तो ते किती वेळात चालू होईल याचा. ऐन हंगामात दाराशी कापसाच्या गाड्या उभ्या असताना तो स्वाभाविकच आहे आणि त्यासाठी मालकाला दोष देता येणार नाही. परंतु यंत्र का मोडले, हा प्रश्न गाड्या रिकाम्या झाल्यानंतरही विचारला जात नाही, आणि ज्या तुकड्यावरून त्याचे उत्तर मिळाले असते तो तोवर भंगारवाल्याच्या काट्यावर गेलेला असतो. नोकरीचा सारा काळ यंत्रांच्या देखभालीत घालवलेला माणूस म्हणून मला ही गोष्ट फार खुपते.

फिरता शाफ्ट, म्हणजे मोटरची गती यंत्राला पोचवणारा दांडा, एका झटक्यात क्वचितच तुटतो. चाक शाफ्टवर घट्ट बसवणाऱ्या चावीच्या खाचेचा धारदार कोपरा, शाफ्टची जाडी बदलते त्या पायरीजवळची अपुरी गोलाई किंवा जुन्या वेल्डिंगचा डाग अशा ठिकाणी बारीक चीर पडते, प्रत्येक फेऱ्यागणिक ती किंचित वाढते आणि उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की शाफ्ट तुटतो. तुटलेल्या तोंडावर या दोन्ही अवस्था स्पष्ट दिसतात. चीर सावकाश वाढली तो भाग गुळगुळीत असतो, त्यावर अनेकदा एकामागोमाग वक्र रेषा उमटलेल्या असतात आणि त्या रेषा चिरेच्या उगमाकडे बोट दाखवतात. शेवटी तुटलेला भाग मात्र खडबडीत असतो. हा खडबडीत भाग लहान असेल तर शाफ्टवरचा भार मुळात फारसा नव्हता असे समजावे, आणि मग जाड किंवा अधिक कडक पोलादाचा शाफ्ट बसवून दुखणे जात नाही. उलट अधिक कडक पोलाद खाचेच्या बाबतीत जास्त नाजूक असते. रात्रीतून वेल्डिंग करून शाफ्ट जोडणे तर त्याहून घातक आहे, कारण ईएन-८ सारखे मध्यम कार्बनचे पोलाद आधी न तापवता वेल्ड केले की जोडालगतचा पट्टा झपाट्याने थंड होऊन ठिसूळ बनतो.

एका डाळ मिलमध्ये धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरचा शाफ्ट दरवर्षी दिवाळीनंतर त्याच जागी तुटत असे. पोलाद बदलले, लेथवरचा टर्नर बदलला, तरी फरक पडला नाही. अखेर तुकडा नीट पाहिल्यावर चीर खाचेच्या कोपऱ्यातून निघाल्याचे दिसले आणि दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगवर सूक्ष्म फरक मोजणारे डायल गेज लावल्यावर गिअरबॉक्सची बैठक एका बाजूने खचलेली आढळली. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि नंतर आक्रसून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि अलाइनमेंट, म्हणजे शाफ्टांची एका रेषेतली जुळणी, बिघडते. पाया खोल नेला, खाचेचा कोपरा गोल केला आणि त्यानंतर तो शाफ्ट तुटला नाही. खर्च फारसा आला नाही. यंत्र फिरवणारा पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणल्याने होणारे नुकसानही असेच नजरेआड राहते: बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचे आयुष्य सुमारे एक अष्टमांशावर येते, आणि दोष मात्र बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

शेडच्या बाबतीतही हेच घडते. मे-जूनच्या वादळात पत्रे उडतात, छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या वाकतात आणि वादळालाच कारण समजून सारे लोखंड किलोवर विकले जाते. पत्र्यावर वाऱ्याची ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वाधिक असते. तिथले बोल्ट गंजलेले होते का, ट्रक आत घेण्यासाठी खांबांमधले तिरपे आधार कोणी कापले होते का, हे राडारोडा उचलण्यापूर्वीच पाहता येते.

ही विद्या नवी नाही. १८४२ मध्ये फ्रान्समधील व्हर्सायजवळ इंजिनाच्या चाकांचा आस तुटून भीषण रेल्वे अपघात झाला, तेव्हापासून अभियंते तुटलेले आस तपासू लागले, आणि पुढे जर्मनीत अभियंता व्होलर यांनी वारंवार पडणाऱ्या भाराने धातू कसा थकतो हे प्रयोगांनी दाखवले. ज्या भुसावळात रेल्वेचे वर्कशॉप आहे, त्या भागाला आसांची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतली चीर शोधणारी) तपासणी अपरिचित असण्याचे कारण नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने कामगाराचा मृत्यू झालेल्या अपघाताची चौकशी सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत करण्याचे बंधन घातले गेले होते. पण माणूस वाचला आणि यंत्रच तेवढे मोडले, तर तुकडा कोणी मागत नाही. पुढच्या वेळी तेच यंत्र कोणाच्या अंगावर तुटेल, हे कोणाला सांगता येणार आहे?

माझी विनंती औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटनांना आणि जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. धातूचा कडकपणा मोजण्याचे यंत्र आणि सूक्ष्मदर्शक या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतात. लहान कारखान्याला माफक शुल्कात तुकडा तपासून मिळाला, तर विद्यार्थ्यांनाही पुस्तकाबाहेरचे यंत्र पाहायला मिळेल. तोवर निदान एवढे करावे: तुटलेली दोन्ही तोंडे एकमेकांना लावून पाहू नयेत, त्यावर तारेचा ब्रश फिरवू नये, पातळ तेलाचा हात देऊन ती प्लास्टिकमध्ये गुंडाळावीत, आणि यंत्र किती तास चालले होते, शाफ्टची कोणती बाजू मोटरकडे होती व शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत बांधावे.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता, जळगाव