वरच्या काकूंना, खालच्या मजल्यावरून

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही लेकीकडे पुण्याला गेल्यापासून मी दोनदा फोनवर आभार मानायला गेलो आणि दोनदा तुम्ही विषय बदललात. एकदा गुडघ्याच्या ऑपरेशनवर नेलात, एकदा पुण्यातल्या पोह्यांवर. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. चार लोक वाचतील, वाचू देत. इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या घरात त्या वर्षी तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते इतरांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आई २०२४ च्या रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी गेली. दिवसवार झाले, पाहुणे परतले आणि घरात बाबा आणि मी असे दोघेच उरलो. मला चहा आणि मॅगी सोडून काही येत नव्हतं. डबा लावला. डबा वाईट नव्हता, पोळ्या मऊ असायच्या. पण बाबा दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. "भूक नाही रे." मे संपेपर्यंत त्यांचं वजन सात किलोंनी उतरलं. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक निघालं. आम्ही एकमेकांशी औषधं, वीजबिल आणि नळाची वेळ एवढंच बोलायचो. आईचं नाव दोघांपैकी कोणीच काढत नव्हतं.

मग त्या रणरणत्या दुपारी तुम्ही कठड्याला धरून जिना उतरलात. मला वाटलं, पदराखाली झाकलेली वाटी असेल. होत्या दोन कैऱ्या. "कुकरला लाव," म्हणालात आणि ओट्याजवळच्या आईच्या स्टुलावर बसलात. मी कैऱ्या उकडल्या, गार केल्या, गर काढला. गराच्या दुप्पट गूळ घालायला तुम्ही सांगितलंत, कारण कैरी फार आंबट होती. आणि मग विचारलंत, "तुझी आई वेलची घालायची की आपल्या इथल्यासारखं जिरं-पुदिना?"

मला माहीत नव्हतं. त्रेचाळीस उन्हाळे मी तिच्या हातचं पन्हं प्यायलो होतो आणि मला माहीत नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत, उत्तरही दिलं नाहीत. म्हणालात, "मग बाबांना विचार जा."

बाबा म्हणाले, "वेलची." एवढंच. पण त्या दुपारी त्यांनी पेला रिकामा केला.

काकू, नंतरच्या वर्षभरात मी तुमची पद्धत ओळखली. तुम्ही कधी शिजवलेलं आणलं नाहीत. आणलीत ती बाजारातून त्या त्या ऋतूची एक कच्ची वस्तू, आणि एक प्रश्न: तुझी आई कशी करायची? कधी डाव हातात घेतला नाहीत. मी फोडणी जाळली तरी उठला नाहीत, "पुन्हा कर" म्हणालात. आणि प्रत्येक वेळी मला बाबांकडे पाठवलंत. मला तेव्हा वाटायचं, काकू मला स्वयंपाक शिकवताहेत. तुम्ही आम्हा दोघांना आईबद्दल बोलायला शिकवत होतात.

डाळीचंच घ्या. जूनमध्ये माझं वरण शिजेना. तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या, तरी दाणा दाताखाली. तुम्ही पातेल्यात बोट बुडवून पाणी चाखलंत आणि म्हणालात, "बोरिंगचं घेतलंस. डाळीला नर्मदेचंच पाणी." मग मी वाचलं तेव्हा कळलं की बोरिंगच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती फुटत नाही. पण मी ते बाबांना सांगायला गेलो तर तेच सुरू झाले. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं आणि ८० मध्ये आई रत्नागिरीहून लग्न होऊन आली. पहिल्या आठवड्यात तिनंही बोरिंगच्या पाण्यात वरण लावलं होतं आणि सासूसमोर रडली होती. बाबा रात्रपाळीहून आले आणि नर्मदेच्या पाण्याची कळशी स्वतः भरून ओट्यावर ठेवली. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या रात्री बाबांनी वरणभात दोनदा घेतला.

आणि मग भुट्टे. पावसाला पंधरा दिवस झाले होते, रस्त्यावर चिखल, आणि तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा भुट्टे घेऊन आलात. आधी तुम्ही मला भुट्टा ओळखायला शिकवलंत. पानं थोडी सोलायची, दाण्यात नख रुतवायचं. पांढरं दूध आलं तर कीस करायचा. नुसतं पाणी आलं तर कोवळा, किसाला अंग येणार नाही. काहीच आलं नाही तर निबर, तो भाजून खायचा. मग किसणीवर अलगद, गाभ्यापर्यंत न जाता. तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची. कीस घातला की हात थांबवायचा नाही, कारण मक्याचा स्टार्च बुडाला धरतो. तुपावर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा आणि मगच दूध. झाकण ठेवून वाफ. साखर चिमूटभर. लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं. मी ते आधी पिळलं आणि दूध फाटलं. तुम्ही म्हणालात, "उद्या परत आणते." खरंच परत आणलेत, पावसात.

दुसऱ्या दिवशीचा कीस छान झाला. मऊ, सुटा, वर कोथिंबीर. बाबांनी एक चमचा तोंडात घातला, चघळला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खोबरं नाही घातलंस?"

काकू, तीन महिन्यांत त्यांनी जेवणाबद्दल केलेली ती पहिली तक्रार. भूक नाही, नको, राहू दे, हेच ऐकून माझे कान विटले होते. तक्रार करायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं. मी स्वयंपाकघरात आलो. तुम्ही स्टुलावरच होतात, ऐकलं होतं. पदर डोळ्यांना लावलात आणि म्हणालात, "रत्नागिरीची होती ना, खोबऱ्याशिवाय तिचं पान हलत नसे. मीच विसरले." मी नारळ फोडला तेव्हा माझे हात थरथरत होते.

श्रावणाबद्दलही सांगायलाच हवं. आपल्याकडे श्रावण दोनदा सुरू होतो. शेजारच्या हिंदी घरांचा सावन पौर्णिमेनंतर लगेच लागतो, आपला मराठी श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्या झाल्यावर. २०२४ मध्ये त्यांचा २२ जुलैला लागला, आपला ५ ऑगस्टला. बाबांनी दोन्हीकडचे सोमवार धरले, म्हणजे सात सोमवार. तुम्ही सात सोमवार साबुदाणा तपासायला खाली उतरलात. इंदुरी खिचडी कढईत परतून ठेवत नाहीत, पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात आणि आयत्या वेळी वरून मसाला, दाण्याचं कूट, लिंबू, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं राजवाड्यापाशी उभा राहून खाल्ली, पण भांड्याकडे कधी बघितलं नव्हतं.

दिवाळीत मात्र तुम्ही शिजवलेलं आणलंत. वर्षाच्या आत सण नाही म्हणून आमची कढई बंद होती आणि तुम्ही पितळेच्या डब्यात चकल्या, अनारसे, करंज्या घेऊन आलात. तेव्हा काही विचारलं नाहीत, डबा ठेवून वर गेलात. बाबा म्हणाले, "वहिनींनी रीत पाळली."

हिवाळ्यात गराडूचे कंद आले. आधी हाताला तेल लावून घे, असं तुम्ही जिन्यावरूनच ओरडलात, तरी मी तसाच सोलायला बसलो आणि तासभर हात खाजवत राहिलो. गराडू दोनदा तळायचा असतो. पहिल्यांदा मंद आचेवर, आतून शिजेपर्यंत. काढून गार करायचा. मग तेल चांगलं तापवून दुसऱ्यांदा, वरून कुरकुरीत होईपर्यंत. गरम असतानाच जीरावन मसाला आणि लिंबू. त्या संध्याकाळी बाबा स्वेटर घालून स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसले. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आईला सराफ्यात घेऊन गेले होते, सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्यावर. आईला गराडू म्हणजे कोकणातल्या कोनफळाचं भावंड वाटलं. तिनं तीन दोने खाल्ले आणि सासूबाईंना सांगू नका म्हणाली. बाबा हे सांगताना हसत होते. घरात हसण्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता कढईकडे बघत राहिलात. त्याबद्दलही आभार, काकू. त्या क्षणी कोणी माझ्याकडे बघितलं असतं तर मला सावरता आलं नसतं.

मटार, भोगीची भाजी, तिळगूळ, मग पुन्हा चैत्रात वाटली डाळ, सगळं लिहीत नाही. तुम्हाला पाठ आहे. बाबांचं वजन आता पूर्वीइतकं झालं आहे. या पावसाळ्यात भुट्टे आणायला तेच गेले. भाजीवाली ओरडली, "बाबूजी, नख मत लगाओ," आणि त्यांनी सहा विकत घेऊन मगच नख लावलं.

मला तुमचे एका गोष्टीसाठी विशेष आभार मानायचे आहेत. प्रत्येक पायरीवर तुमचा गुडघा दुखत होता, हे मला ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा कळलं. एकदा तरी सांगितलं असतंत तर मी वर आलो असतो. पण वर तुमचं स्वयंपाकघर आहे. आईचं खालीच होतं, आणि आणलेली वस्तू तिच्या ओट्यावर शिजायला हवी, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

थंडी पडली आहे, गराडू आले आहेत. पुण्यात तुम्हाला ते मिळणार नाहीत आणि कुरिअरनं पाठवता येणार नाहीत, पण जीरावन येईल. यंदा ते मी घरीच केलं. धणे, जिरं आणि बडीशेप सियागंजच्या बाजारातून आणली, लाल मिरची, सुंठ, लवंग, दालचिनी, हिंग, आमचूर, काळं मीठ, सगळं तुम्ही सांगितलेल्या क्रमानं, भाजायचं ते वेगवेगळं भाजून. अर्धा किलो सोमवारी निघालं आहे. बाबा म्हणतात, बडीशेप जरा जास्त भाजली गेली. मला तसं वाटत नाही. आई बाजूला असती तर तिनं बाबांचीच बाजू घेतली असती, असंही ते म्हणाले. तुम्ही चाखा आणि खरं काय ते सांगा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा