रेफरी क्रमांक दोन यांस

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. संपादकांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, आणि ते योग्यच. माझ्याकडे तुमची खूण एवढीच: संपादकांच्या पत्रासोबत आलेल्या टिपणाच्या डोक्यावर छापलेलं ‘रेफरी 2’. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की रेफरी म्हणजे छापण्याआधी जर्नलसाठी पेपर नाव न सांगता तपासणारा तज्ज्ञ, आणि आमच्या धंद्यात ‘रेफरी 2’ या पदवीला फारसा मान नाही. पहिला रेफरी चार बऱ्या ओळी लिहून मोकळा होतो आणि दुसरा पेपरची सालटी काढतो, अशी समजूत विद्यार्थ्यांपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांची आहे. सालटी तुम्हीही काढलीत. त्याचेच आभार मानायचे आहेत, आणि उशीर इतका झालाय की सबबी सांगत बसत नाही.

पेपर माझ्या पीएचडीतला होता. विषय स्थूल अर्थशास्त्रातला जुनाच: मध्यवर्ती बँकेनं व्याजदर वाढवला तर उत्पादन किती घटतं, महागाई किती उतरते, आणि कधी. ऐकायला सोपा प्रश्न. उत्तर काढायला बसलं की नाकी नऊ येतात, कारण बँक लहर आली म्हणून दर वाढवत नाही. पुढे महागाई येताना दिसते म्हणून वाढवते. मग महागाई येतेच, आणि नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटतं, दरवाढीनंच ती आणली. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं म्हणण्यातला हा प्रकार. ख्रिस्टोफर सिम्स यांनी 1992 मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि जपान या पाच देशांचे आकडे तपासले, तेव्हा दरवाढीनंतर किमती उतरायच्या ऐवजी चढताना दिसल्या. त्यांचा खुलासा असा की बँकेला जे दिसत असतं, ते संशोधकाच्या समीकरणांत नसतं. कच्च्या मालाचे भाव समीकरणांत घातले की हे कोडं बरंचसं निवळतं. मीही तेच केलं होतं. आकड्यांच्या मालिका उतरवून घेतल्या, कच्च्या मालाचे भाव घातले, व्हेक्टर ऑटोरिग्रेशन (अनेक मालिकांचा एकमेकींवरचा परिणाम मोजणारी संख्याशास्त्रीय पद्धत) चालवलं, आलेख काढले. त्या काळी या विषयावरचे बहुतेक पेपर असेच असत, आणि माझाही त्या रांगेत बरा उभा राहिला असता.

तुमच्या टिपणाचा तिसरा मुद्दा मात्र रांगेबाहेरचा होता. तुम्ही विचारलंत की 1970च्या दशकातले फेडचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे (फेडरल रिझर्व्हचे) निर्णय मी ज्या आकड्यांनी समजावून सांगते आहे, ते आकडे त्या दिवशी त्या बैठकीच्या खोलीत कुणाच्या हातात होते का? बस, एवढंच. पण त्याखाली अख्खं पान भरून लिहिलं होतंत. जीडीपीचा आकडा एकदाच जन्माला येत नाही. आधी पहिला अंदाज येतो, मग दुसरा, मग तिसरा, मग दरवर्षीची दुरुस्ती, आणि दर काही वर्षांनी पायाभूत वर्ष किंवा व्याख्याच बदलल्यामुळे सगळी मालिका मागेपर्यंत बदलते. आज उतरवलेली 1974ची ओळ म्हणजे 1974 साली कुणीही न पाहिलेली ओळ.

अर्थशास्त्राबाहेरच्यांना हे बारीकसारीक वाटेल, म्हणून पुढच्या काळातलं उदाहरण देते. 2008च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकी अर्थव्यवस्था वार्षिक दरानं 3.8 टक्क्यांनी आकसली, असा पहिला अंदाज जानेवारी 2009 मध्ये आला. महिन्याभरात तो 6.2 टक्के झाला. पुढच्या काही वर्षांत दुरुस्त्या होत होत 8 टक्क्यांच्याही पलीकडे गेला. त्या जानेवारीत धोरण ठरवणाऱ्यांसमोर होता तो पहिला आकडा. त्यांनी पुरेसं केलं की नाही, याचा हिशेब शेवटच्या आकड्यानं मांडला तर तो हिशेब इतिहासाचा होत नाही. तो आपल्या पश्चातबुद्धीचा होतो.

तुम्ही नुसता दोष दाखवून थांबला नाहीत, हे मला आजही विशेष वाटतं. फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं जुने आकडे तारीखवार जमवायला घेतले आहेत, हे मला तुमच्या टिपणातून कळलं. डीन क्रुशोर आणि टॉम स्टार्क यांचं ते काम. नोव्हेंबर 1965 पासून प्रत्येक टप्प्यावर छापलेली मालिका जशीच्या तशी. अथनासिओस ऑरफनिडीस यांचा 2001चा पेपर वाचायला सांगितलात. त्यात त्यांनी टेलर यांचा 1993चा नियम (महागाई आणि उत्पादन पाहून व्याजदर किती असावा ते सांगणारं सूत्र) आधी दुरुस्त आकड्यांवर आणि मग त्या-त्या वेळच्या आकड्यांवर चालवून दाखवला होता, आणि दोन्हींतून निघणारे व्याजदर एकमेकांशी जुळत नव्हते. खरं सांगायचं तर या दोन गोष्टी जोडून तुम्ही स्वतःच पेपर लिहू शकला असतात. एका अनोळखी विद्यार्थिनीला तो विचार तुम्ही देऊन टाकलात.

त्यानंतर मी त्या आकड्यांच्या तक्त्यात जी शिरले ती आजतागायत बाहेर आलेले नाही. उभ्या रकान्याला एकेक छापील तारीख, आडव्या ओळीला एकेक तिमाही. प्रत्येक रकाना आधीच्यापेक्षा एक घर खाली संपतो, त्यामुळे तक्त्याची खालची कडा जिन्यासारखी दिसते. एक ओळ पकडून डावीकडून उजवीकडे जायचं: तीच तिमाही, आणि दर काही घरांनी आकडा बदलतो. मध्येच एक घर रिकामं सापडतं. 1996च्या सुरुवातीच्या रकान्यात 1995ची शेवटची तिमाहीच नाही. मला वाटलं माझी फाइल बिघडली. मग कळलं की अमेरिकी सरकारचं कामकाज तेव्हा बंद पडलं होतं आणि आकडाच वेळेवर आला नव्हता. माझे सहकारी अशी घरं मधली किंमत घालून भरून टाकतात. मी भरत नाही. त्या महिन्यात निर्णय घेणाऱ्यांसमोरही ते घर रिकामंच होतं.

टेलर यांच्या नियमात उत्पादनाच्या तफावतीला अर्धं वजन आहे. म्हणजे अर्थव्यवस्था आपल्या क्षमतेच्या किती खाली चालली आहे, याचा अंदाज चार टक्क्यांनी चुकला तर नियम सांगतो तो व्याजदर दोन टक्क्यांनी बदलतो. 1970च्या दशकात क्षमतेचा अंदाज फारच फुगलेला होता. उत्पादकतेची वाढ मंदावली आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे अर्थव्यवस्था वास्तवापेक्षा खूपच मरगळलेली दिसत होती आणि दर खाली ठेवणं शहाणपणाचं वाटत होतं. पाठ्यपुस्तकांत त्या काळच्या फेडला भित्री किंवा राजकारण्यांच्या दबावाखालची म्हणायची पद्धत आहे. दबाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या हातातला तक्ता पाहिल्यावर सगळं खापर भित्रेपणावर फोडणं मला जमेनासं झालं.

सुधारित पेपर पाठवायला मला वेळ लागला आणि तो काळ सोपा नव्हता. नोकरी मुदतीची होती, आणि ती मुदत जर्नलच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. नेमक्या त्याच सुमारास, 2002 मध्ये, ग्लेन एलिसन यांचा पेपर आला: तीस वर्षांपूर्वी मोठ्या जर्नलांत पेपर सहा ते नऊ महिन्यांत स्वीकारला जाई, आता दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत सरासरी दोन वर्षं जातात. वाचून हसावं की रडावं कळेना. बरोबरीच्या मंडळींनी सल्ला दिला की तिसरा मुद्दा तळटिपेत गुंडाळ, संपादकांना सौजन्याचं पत्र लिही आणि पुढे चल. धीर दिला तो एका जुन्या हकिकतीनं. रॉबर्ट लुकास यांचा अपेक्षा आणि पैशाची तटस्थता या विषयावरचा पेपर एका नामांकित जर्नलनं परत पाठवला होता. तो 1972 मध्ये दुसरीकडे छापून आला आणि स्थूल अर्थशास्त्राचं वळणच बदललं. माझा पेपर त्या तोलाचा नव्हता, हे सांगायला नकोच. पण परत आलेला कागद म्हणजे निकाल नव्हे, एवढं त्यातून कळलं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. क्रिस्टिना आणि डेव्हिड रोमर यांनी 1989 मध्ये बैठकींचे वृत्तान्त वाचून, महागाई रोखण्यासाठी फेडनं जाणूनबुजून मंदीची जोखीम पत्करली अशा सहा तारखा काढल्या होत्या. ऑक्टोबर 1947 ही पहिली, ऑक्टोबर 1979 ही शेवटची. माझे निष्कर्ष त्या सहा तारखांवर ताडून पाहावेत, असा तुमचा आग्रह होता. वृत्तान्त वाचायची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. पण सहा तारखांवर एवढा भार टाकू नये. त्यांतल्या एप्रिल 1974 शेजारी तेलाच्या भावाचा भडका उभा आहे, तो वेगळा काढायचा कसा? हे मी उत्तरात लिहिलं आणि तुम्ही दुसऱ्या फेरीत ते मान्य न करताही सोडून दिलंत. रेफरीला आपलं म्हणणं सोडता येणं ही चांगल्या टिपणाइतकीच दुर्मीळ गोष्ट आहे. पुढे 2004 मध्ये रोमर दांपत्यानंच फेडच्या कर्मचाऱ्यांचे ‘ग्रीनबुक’ या अंतर्गत अहवालातले अंदाज वापरून 1969 ते 1996 पर्यंतच्या दरबदलांतला अनपेक्षित भाग वेगळा काढला. बँकेला काय दिसत होतं, हे तिच्याच कागदांवरून घ्यायचं. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याच्याच जातीचं उत्तर होतं ते. ग्रीनबुक (2010 पासून त्याच्या जागी टीलबुक आहे) पाच वर्षांनी खुलं होतं, त्यामुळे आमच्यासारख्यांना तेवढं थांबावं लागतं, पण थांबण्याचं चीज होतं.

पेपर छापून आला. नोकरी कायम झाली. मला आठवणीनं ओळखणारे लोक मला ‘जुन्या आकड्यांची बाई’ म्हणतात, आणि पुढचे जवळजवळ सगळे पेपर त्याच तक्त्यातून निघाले.

एम.ए.च्या वर्गाला मी एक तास असा घेते. विद्यार्थ्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एकच रकाना द्यायचा, त्या तारखेनंतरचं काहीही नाही, आणि व्याजदर ठरवा म्हणायचं. ज्यांना एप्रिल 1974चा रकाना मिळतो ते पहिल्या दहा मिनिटांत भांडू लागतात. एक बाजू म्हणते महागाई बघा, दुसरी म्हणते उत्पादन घसरतंय ते बघा. मग मी शेजारच्या गटाला त्याच काळाचे आजचे आकडे देते. दोन्ही गट फळ्यावर आपापला दर लिहितात. आदल्या आठवड्यात फेडला नावं ठेवणारा मुलगा त्या तासाला हमखास गप्प असतो. या तासाचं श्रेय तुमचं, आणि मुलांना ते मी दरवर्षी सांगते. नाव विचारतात, तेव्हा ‘रेफरी दोन’ एवढंच सांगते. त्यांना गंमत वाटते.

आता माझ्याकडेही टिपणं लिहायला पेपर येतात. या कामाला मोबदला नाही म्हटला तरी चालेल, आणि नाव तर मुळीच नाही. बढतीच्या अर्जात त्याला एका ओळीची जागा असते. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचं परिशिष्ट वाचत बसायचा कंटाळा आला की तुमचं ते भरलेलं पान काढून समोर ठेवते.

एक उत्तर मात्र द्यायचं राहिलंय. टिपणाच्या अगदी शेवटी, जवळजवळ जाता जाता, तुम्ही विचारलं होतंत की तफावतीचा अंदाज चुकतो तो आकडे नंतर बदलतात म्हणून, की मालिकेच्या टोकाशी, म्हणजे अगदी ताज्या तिमाहींत, कल ओळखणंच अवघड असतं म्हणून. ऑरफनिडीस आणि सायमन व्हॅन नॉर्डन यांनी 2002 मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवर दाखवलं की मुख्य दोष टोकाचा आहे. आकड्यांची दुरुस्ती हा लहान भाग. मला हे बराच काळ पूर्ण पटत नव्हतं, माझी सगळी हयात दुरुस्त्यांत गेली म्हणूनही असेल. आता पटतं. 2020च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकी जीडीपीत वार्षिक दरानं 32.9 टक्क्यांची घट, असा पहिला अंदाज आला होता. तो नंतर बदलला, पण त्या बदलानं क्षमतेबद्दलचं माझं चित्र फारसं हललं नाही. हललं ते पुढच्या तिमाही येत गेल्या तसं. कल कुठे वळतोय हे वळून झाल्यावरच दिसतं, आणि आकडे पहिल्याच दिवशी अचूक आले तरी ही अडचण उरतेच. म्हणजे तिसऱ्या मुद्द्याची मर्यादा तुमच्याच शेवटच्या प्रश्नात होती.

हेच नव्या पेपरात मांडलं आहे. तो सध्या एका जर्नलकडे आहे. तुमच्याचकडे आला असेल तर हे पत्र विसरा, आणि पाचव्या भागातलं गृहीतक जरा नीट तपासा. मला स्वतःला ते कच्चं वाटतं.

आपली कृतज्ञ,
एक लेखिका