ओजेटीचे तास साठ नव्हेत, १२०

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांनी 'साठ तासांचे कार्यप्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्याची' बातमी फोटोसह छापली आहे. चार क्रेडिटचे (श्रेयांकांचे) कार्यप्रशिक्षण, म्हणजे सगळे ज्याला ओजेटी म्हणतात ते, १२० तासांचे असते. वर्गातल्या तासिकेला एका क्रेडिटमागे १५ तास धरतात, प्रत्यक्ष कामाला ३०. साठ तासांत पूर्ण झाले असेल तर निम्मेच झाले. बातमी देणाऱ्याने हा हिशेब एकदा करून बघायला हवा होता. कॉलेजने पाठवलेले निवेदन जसेच्या तसे छापले गेले, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

तासांचा आकडा दुरुस्त करून भागत नाही, कारण १२० तास लिहिलेल्या फायलीही पोकळ निघतात. अशीच एक फाईल माझ्या डोळ्यांसमोर आहे. टॉवेल कारखान्यातले प्रशिक्षण, रोज दहा ते पाच. रविवारीही दहा ते पाच, आणि कॉलेजात अंतर्गत परीक्षा होती त्या दिवशीही दहा ते पाच. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या. 'कार्यालयीन कामकाजाची माहिती घेतली' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर. आणि सहाव्या पानावर टॉवेलचा दर मीटरवर लावलेला! कारखान्यात एक दिवस जरी पाय ठेवला असता तरी कळले असते, की टॉवेल नगावर, डझनावर किंवा किलोवर जातो. खाली कारखान्याचा गोल शिक्का, मार्गदर्शकाची सही आणि भरघोस गुण. त्या विद्यार्थ्यावर मी राग काढणार नाही. त्याला कोणी आत नेलेच नाही.

वाईट याचे वाटते, की वाणिज्य शाखेला शिकायला सोलापूरच्या टॉवेल कारखान्यासारखी दुसरी जागा नाही. टेरी टॉवेलच्या, म्हणजे फासे असलेल्या टॉवेलच्या, मागाला दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या, ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि दुसरा फासांच्या ताण्याचा. पहिले दोन बाणे (आडवे धागे) विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे थांबवतात आणि तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे रेटतात. जमिनीचा ताणा ताठ असतो, फासांचा सैल, म्हणून तो वर उचलला जाऊन फास तयार होतात. त्यामुळे फासांचे सूत जमिनीच्या सुतापेक्षा कित्येक पट जास्त लागते. दोन्ही बीमना सारखेच सूत धरणाऱ्याचा उत्पादन खर्च पहिल्या ओळीतच चुकतो. ३० बाय ६० इंचांचा ४५० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ४५० ग्रॅमचा) टॉवेल साधारण ५२० ग्रॅम भरायला हवा, म्हणजे डझनाला सव्वासहा किलोच्या आसपास. पण माग सोडताना एक वजन असते आणि ब्लीचिंग करून आल्यावर दुसरे. ही घट, मागावरची तूट, कडा शिवताना निघणारे दुय्यम नग आणि वीजबिल कोणत्या खात्यात आणि कोणत्या टप्प्यावर धरायचे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो. कारखान्याच्या मुनिमाजवळ बसले तर त्याला तीन दिवस पुरत नाहीत.

मग हे होत का नाही? पहिली अडचण वेळापत्रकाची. सत्राची २२ क्रेडिट. त्यातली चार ओजेटीची, उरलेल्या १८ क्रेडिटचे तास त्याच आठवड्यांत वर्गात. शिवाय हजेरीची अट. सकाळी वर्ग करून दुपारी दोन तास कारखान्यात गेलेल्याला कोणी काम देत नाही, कारण तो वही उघडेपर्यंत जायची वेळ झालेली असते. आठ तासांचे सलग १५ दिवस मिळाले तरच काही हाती लागते. पहिले काही दिवस सुताची खरेदी, लॉट, ई-वे बिले. मग बीमकार्ड (प्रत्येक बीमच्या नोंदीचे कार्ड) आणि मागवार उत्पादनाची नोंद. शेवटी एका ऑर्डरचा संपूर्ण खर्च. ही सलगता फक्त परीक्षेनंतर, मे महिन्यात मिळते. त्यासाठी ओजेटीचे गुण भरण्याची मुदत जूनअखेरपर्यंत खुली ठेवावी लागेल. हे एका परिपत्रकाचे काम आहे.

दुसरी अडचण जागांची. आपल्याकडचे बहुतेक यंत्रमाग कारखाने छोटे. शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, ती इथे फारशी लागू होत नाही. छोट्या कारखानदाराला एका वेळी दोन मुले झेपतात. साठ जणांच्या तुकडीला तीस कारखाने हवेत. ते एप्रिलमध्ये फोन फिरवून मिळत नाहीत, दिवाळीच्या आधी जाऊन बोलावे लागते. जॉबर (मागांवर देखरेख करणारा) आणि मुनीम यांचा वेळ जातो, त्याबद्दल कॉलेजने काहीतरी मानधन द्यायला हवे. अपघात विमा काढायला हवा. मागांच्या मधून ओढणी किंवा सैल बाह्या घालून फिरायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे. यातले बरेचसे आज मुलांवर सोडलेले आहे. 'तुमचे तुम्ही पत्र आणा' एवढ्यावर काम संपते आणि मग नातेवाइकाच्या दुकानाचा शिक्का मिळतो. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांचा तर एसटीचा सवलतीचा पास गाव ते कॉलेज एवढाच असतो. पुढे अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीचे रोजचे भाडे खिशातून जाते.

तिसरी अडचण सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मुलांना भेटायला कारखान्यात जायचे कोणी? बरेच विभाग तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर चालतात. त्यांना मोबदला घेतलेल्या तासिकेमागे मिळतो. अर्धा दिवस मोडून कारखान्यात गेलेला फेरा कुठल्याच बिलात बसत नाही. तो अध्यापक सही करतो आणि पुढच्या तासाला पळतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत असे लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही अनुदानित कॉलेजचा विभागवार तक्ता मागवून छापा, वाचकांना स्थिती दिसेल. पदे भरेपर्यंत निदान दहा विद्यार्थ्यांमागे दोन भेटी तासिका म्हणून मोजा. पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही ओजेटी आहेच, तिथे मुलांची संख्या कितीतरी पट असते. तेव्हा हेच शिक्के मोठ्या संख्येने मारले जातील.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. हे क्रेडिट ज्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, जमा व्हायचे, तिथे अनेकांचे खाते रिकामे दिसते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड आडनावांचे स्पेलिंग आधारवर एक आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, असे सर्रास असते. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचे नाव गायब. नाव जुळले नाही की नोंद अडकते, आणि मुलाला ते पुण्यात प्रवेश घ्यायला गेल्यावर कळते. प्रवेश अर्ज भरतानाच कॉलेजने दोन्ही कागद समोर ठेवून नाव जुळवावे, आधार दुरुस्ती असेल तर पहिल्या सत्राच्या परीक्षा अर्जाआधी करून घ्यावी, आणि प्रत्येक निकालानंतर महिनाभरात मुलाने डिजिलॉकर उघडून क्रेडिट दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर तोंडी सांगून थांबू नये. कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य प्राध्यापक,
जुळे सोलापूर