बरोबर आलेल्या उत्तरांबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

जीआरईच्या, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, गणिताचा तुझा सराव-संच पाहिला. २७ पैकी १९ बरोबर. चुकलेल्या आठांची मला फारशी चिंता नाही, ते सापडलेत. पण त्या १९ मधले तुला येत होते किती आणि जमून गेले किती, हे कागदावरून कळत नाही. परीक्षेत गणिताच्या पहिल्या भागात १२ प्रश्न २१ मिनिटांत आणि दुसऱ्यात १५ प्रश्न २६ मिनिटांत सोडवायचे असतात. दुसरा भाग किती अवघड येणार, हे पहिल्यावर ठरतं. म्हणजे पहिला भाग अंदाजावर निभावलास, तर पुढे जास्त कठीण प्रश्न समोर येतात आणि तिथे अंदाज उघडा पडतो.

म्हणून उद्यापासून प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिही: 'ख' म्हणजे खात्री, 'अं' म्हणजे अंदाज. संच संपला की उत्तरपत्रिका लगेच उघडू नकोस. आधी 'अं'चे सगळे प्रश्न घड्याळ बाजूला ठेवून पुन्हा सोडव आणि मग तपास. चुकलेला 'ख' सगळ्यात महागाचा, तो पहिला हाती घे. त्यानंतर बरोबर आलेले 'अं'. हे सगळेच सोडून देतात, कारण पुढे बरोबरची खूण असते ना!

आता खरं काम. तुलनेचा हा प्रश्न घे: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे, 'अ' म्हणजे क्षचा वर्ग, 'ब' म्हणजे क्ष. मोठं कोण? मन लगेच म्हणतं 'अ', कारण वर्ग केला की संख्या वाढते. २ घेतलास तर ४ येतात, खरं आहे. पण १/२ घेतलास तर १/४ येतो, म्हणजे संख्या घटली. तेव्हा उत्तर 'ठरवता येत नाही'. इथे थांबलीस तर एक प्रश्न सुटला, एवढंच. थांबू नकोस, अट बदल. 'अ' मोठा यायला काय हवं? क्ष १ पेक्षा मोठा. 'ब' मोठा यायला? क्ष ० आणि १ च्या मध्ये. दोन्ही सारखे यायला? क्ष बरोबर १. चारही उत्तरं स्वतः घडवता आली की तो प्रश्न तुझा झाला.

सरासरी वेगाचंही असंच. जाताना ताशी ४०, त्याच रस्त्याने परतताना ताशी ६०. मन ५० म्हणतं. अंतर १२० किलोमीटर धर: ३ तास आणि २ तास, २४० भागिले ५, म्हणजे ४८. कमी वेगात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. मग विचार, ५० कधी येईल? दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास केला तर. सूत्र पाठ करणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

इंग्रजीत कानाला बरं वाटणारं उत्तर घात करतं. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात समानार्थी जोडी दिसली की हात तिकडे जातो, आणि नेमकी तीच वाक्यात बसत नाही. एक बरोबर, एक चूक असेल तर गुण शून्य. पर्याय झाकून आधी आपला शब्द ठरव, साधा चालेल.

युक्तिवादाच्या उताऱ्यात गृहीतक विचारलं, तर ते उलटं करून बघ. 'सायकलींची विक्री वाढली, म्हणून रस्त्यावरची गाड्यांची गर्दी कमी होणार.' गृहीतक: घेणाऱ्यांपैकी काहीजण तरी गाडीऐवजी सायकल वापरतील. उलटं कर: कुणीच गाडी सोडणार नाही. निष्कर्ष कोसळला, म्हणजे हेच ते. 'सायकली स्वस्त झाल्या' हे उलटं केलं तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही, म्हणून तो पर्याय बाद.

आणखी एक. छापील स्पष्टीकरण वाचून मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे. पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर लिही. तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. अडलीस तर ज्या पायरीवर अडलीस तेवढीच वाच. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या दोन मोफत सराव-परीक्षा आत्ताच उडवू नकोस. एक मध्यावर दे, एक शेवटच्या आठवड्यात. रोज २० प्रश्न या पद्धतीने झाले तरी पुष्कळ. घड्याळ 'अं' कमी व्हायला लागल्यावरच लाव.

आई-बाबांना सा. न. रविवारी वहीच्या पानांचे फोटो पाठव. उत्तरं खोडलेली असली तरी चालतील, 'ख' आणि 'अं' मात्र स्पष्ट दिसू देत.

तुझा,
दादा