एकटीच्या घरातही नाताळ सजावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांत नाताळच्या सजावटीवरचा मजकूर येऊ लागतो. पण तो बहुतेक भरल्या घरांना आणि बाजारातून आणायच्या झाडाला, दिव्यांच्या माळांना धरून असतो. घरात एकट्याने राहणाऱ्या माणसाने सण कसा मांडावा, याचा विचार त्यात क्वचितच दिसतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून ज्या मिरजेत ख्रिस्ती वस्ती वाढत गेली, तिथे मुले पुण्या-मुंबईला आणि घरात एकच वडीलधारे माणूस, असे चित्र आता नवे नाही. मीही एकटीच राहते. ‘एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप?’ असे आप्तेष्ट आपुलकीनेच विचारतात, पण मला ते मुळीच पटत नाही, म्हणून हे पत्र.

एकट्या माणसाच्या नाताळला हातच्या लेसइतके आणि भरतकामाइतके शोभणारे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. विकतची सजावट तासाभरात टांगून होते आणि पुढची संध्याकाळ रिकामीच उरते. क्रोशाचे काम पाऊस सरताच हाती घेतले, तर नाताळपर्यंतच्या साऱ्या संध्याकाळी त्यात जातात. २० नंबरचा पांढरा सुती दोरा आणि बारीक पोलादी सुई एवढ्या सामानावर सहा टोकांचा तारा एका बैठकीत होतो. (नजर साथ देत नसेल त्यांनी १० नंबरचा जाड दोरा घ्यावा.) तारा तसाच टांगला तर मान टाकतो, म्हणून त्याला खळ द्यावी लागते. परदेशात यासाठी साखरेचे पाणी वापरतात. आपल्याकडे त्याला मुंग्या लागतील. त्यापेक्षा साबुदाण्याची पातळ खळ गाळून घ्यावी, तारा तीत भिजवून हलक्या हाताने दाबावा, उशीवर प्लास्टिकचा कागद पसरून एकेक टोक टाचणीने ताणून बसवावे आणि पुरता वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. टाचणी न गंजणारीच हवी, कारण पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला तांबूस डाग सहसा निघत नाही.

भरतकामात तर आपला सांगली जिल्हा भाग्यवान आहे, कारण कर्नाटकी कशिदा आपल्या शेजारचाच. तो कापडाचे धागे मोजून, गाठ न मारता भरतात आणि त्यातल्या गवंती व मुरगी या टाक्यांची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उठते. त्यामुळे या टाक्यांत भरलेली पट्टी खिडकीला लावली, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला आणि आत बसलेलीला एकच चांदणी दिसते. मोर आणि रथ भरणाऱ्या हाताला चांदणी अवघड नाही.

मांडणीलाही उपासनेचा आधार आहे. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, रंग जांभळा आणि नाताळचा पांढरा. म्हणून आगमनाच्या चार रविवारी टेबलावर जांभळे कापड असावे, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यावर लेसचा पांढरा रुमाल पसरावा, तो ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत राहू द्यावा. मेणबत्ती मात्र पितळेच्या ताटलीत, लेसपासून दूर ठेवावी. कॅरल गात येणारी तरुण मंडळी दारात थांबतात, हा नमुना कोणाचा म्हणून विचारतात, आणि शंकरपाळ्यांची बशी रिकामी होईपर्यंत बोलणे चालते. हे मी पाहिले आहे, आणि ‘कोण बघणार?’ या प्रश्नाला माझ्याजवळ याहून वेगळे उत्तर नाही.

मिशनच्या शाळांत एके काळी मुलींना शिवण-विणकाम शिकवत. तिथे शिकलेल्या हातांच्या लेसा आज कित्येक घरांत ट्रंकांच्या तळाशी पिवळ्या पडत आहेत. चर्चच्या महिला मंडळांनी आणि शहरातल्या वाचनालयांनी आठवड्यातून एक दुपार विणकामासाठी जागा द्यावी. जुने नमुने तिथे आणता येतील, उतरवून घेता येतील, आणि एकट्या राहणाऱ्यांना घराबाहेर पडायला निमित्तही मिळेल. आपल्या दैनिकाने ऑक्टोबरपासून दर रविवारी क्रोशाचा किंवा कशिद्याचा एक सोपा नमुना छापावा, अशी माझी विनंती आहे. आकृती मोठी आणि टाक्यांच्या खुणा ठळक टाइपात असाव्यात, म्हणजे माझ्या वयाच्या वाचकांना त्या दिव्याच्या उजेडातही मोजता येतील.

आपली,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)