फुगे, सोडा आणि अकरावीचा मोल

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. अकरावीच्या पोट्ट्यांकडून शिकण्याच्या शैलीची प्रश्नावली भरून घ्यायची, पाहून, ऐकून आणि करून शिकणारे असे तीन गट पाडायचे आणि प्रत्येकाला वेगळं रसायन शिकवायचं, हा तुझा बेत आहे. तो सोडून दे, असं मी आग्रहानं सांगतो. पोरांना आवडनिवड असते हे खरं, पण आवडीच्या पद्धतीनं शिकवल्यानं मार्क वाढतात हे सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी प्रत्येक गटातल्या अर्ध्या मुलांना त्यांच्या शैलीनं, अर्ध्यांना दुसऱ्या शैलीनं शिकवून सगळ्यांची एकच परीक्षा घ्यावी लागते. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळा पुरावा चाळला, तेव्हा असे प्रयोग मोजकेच निघाले. त्यातले काही तर दाव्याच्या थेट उलट गेले.

रसायनाचं तर आणखी वेगळं आहे. रसायन शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्या ग्लासगोच्या ॲलेक्स जॉन्स्टन यांनी सांगितलेल्या तीन पातळ्या तुला आठवत असतील: डोळ्यांना दिसणारं, रेणूंमध्ये घडणारं आणि चिन्हांत लिहिलेलं. या तिन्हींत ये-जा करता आली तरच रसायन कळतं. 'ऐकून शिकणारा' म्हणून एखाद्याकडून रेणूचं चित्रच काढून घेतलं नाहीस, तर त्याचा धडा अर्धाच राहील.

सुरुवात मोलपासून कर, म्हणजे कण मोजण्याच्या ठरलेल्या मोठ्या संख्येपासून. आधी तुरीचे १०० आणि हरभऱ्याचे १०० दाणे मोजून सोनाराकडे असतो तशा छोट्या डिजिटल काट्यावर तोलायला लाव. संख्या तीच, वजन वेगळं. मग ५०० दाणे न मोजता, नुसते तोलून काढायला सांग. आपल्याकडच्या पोरांना त्रैराशिक येतं. मोल म्हणजे तेच आहे हे त्यांना कुणी दाखवत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावीत सगळं इंग्रजीत येतं, म्हणून पहिला महिना प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर राहू दे.

मग फुग्यांचा प्रयोग. एक लिटरच्या पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या घे. प्रत्येकीत ७५ मिली व्हिनेगर ओत. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असेल तर त्यात ३ ग्रॅम ॲसेटिक आम्ल आलं, म्हणजे ०.०५ मोल. चार फुग्यांत अनुक्रमे २.१, ४.२, ६.३ आणि ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा भर. ४.२ ग्रॅम सोडा म्हणजेही ०.०५ मोल. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर चालणार नाही, हिशेबच बदलतो. फनेल कोरडं हवं, नाहीतर सोडा चिकटून बसतो. फुगे एकाच पाकिटातले घे आणि आधी दोनदा फुगवून सैल कर. ते बाटल्यांच्या तोंडावर चढव आणि उचलून सोडा हळूहळू खाली पाड. एकदम पाडलास तर फेस वर चढतो.

पाच मिनिटं थांबून दोऱ्यानं घेर मोज. क्रियेनं बाटली गार पडते, म्हणून घाई नको. तासभरही ठेवू नको, कारण कार्बन डायऑक्साइड रबरातून झिरपतो. पहिल्या फुग्यात साधारण ०.६ लिटर वायू असेल, बाकी तिन्हींत १.२ लिटरच्या आसपास. व्हिनेगर संपलं की जास्तीचा सोडा काय करणार? मर्यादी अभिकारक, म्हणजे आधी संपून क्रिया थांबवणारा पदार्थ, इथे डोळ्यांना दिसतो. फुगे काढून पहिल्या बाटलीत चिमूटभर सोडा आणि चौथीत थोडं व्हिनेगर टाक. दोन्हीकडे बुडबुडे येतील, आणि कुठे काय उरलं होतं ते पोरं स्वतःच सांगतील.

एका ठिकाणी वर्ग नक्की फसतो. वायू दुप्पट झाला तरी घेर दुप्पट होत नाही. ३३ सेंटीमीटरचा ४१ च्या जवळपास जातो, कारण घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं. हे आधी सांगितलं नाहीस तर 'प्रयोग चुकला' असं लिहून मोकळे होतात.

त्याच तासाला चित्र काढून घे: हायड्रोजनचे ५ रेणू, ऑक्सिजनचे २, पाणी किती झालं? पाण्याचे ४ आणि हायड्रोजनचा १ उरलेला, असं चित्र हवं. समीकरण बिनचूक जुळवणारे कितीतरी जण 'टू एच-टू-ओ' म्हणजे चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन एकाच रेणूत चिकटवतात. ही चूक फक्त चित्रातच सापडते.

प्रश्नावलीला देणार होतास तो वेळ दर आठवड्याला दहा मिनिटांच्या बिनपुस्तकी चाचणीला दे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानं ४० टक्के आठवला, तर एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत मात्र वाचणारेच पुढे होते. म्हणून पोरांना पुन्हा पुन्हा वाचणंच फळलं असं वाटत राहतं. चाचणीला मार्क देऊ नकोस, पण प्रत्येक चुकीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सोडव.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाराच घे. त्याहून जाड काट्यावर २.१ ग्रॅमचा भरवसा नाही.

तुझा मित्र